सिरीयल ईईप्रॉममधून वाचणारा ड्रायव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस, मॉनिटरची ओळख, रॅमच्या पट्टीची टायमिंग, सेन्सरचं कॅलिब्रेशन. हे सगळं बहुतेक वेळा आठ पायांच्या एका चिमुकल्या चिपमध्ये असतं. तीच सिरीयल ईईप्रॉम: वीज गेली तरी डेटा जपणारी आणि एकेक बिट करून वाचायची मेमरी. ती वाचणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, शंभरेक ओळींचा असतो, तरी त्यावरचे प्रश्न संपत नाहीत. मुळाशी जवळपास नेहमी एकच गोष्ट निघते: ही चिप चुकीच्या प्रश्नालाही उत्तर देते. पत्ता चुकला, क्लॉक एक जास्त पडला, समोर चिपच नसली, तरी ड्रायव्हरच्या हातात काहीतरी आकडा पडतोच. म्हणून इथे वाचण्याइतकंच, वाचलेलं खरं आहे की नाही हे कसं ओळखायचं, यावरही लिहिलं आहे. उदाहरणं लिनक्स कर्नलमधली आहेत.

फ्लॅश इतकी स्वस्त असताना ईईप्रॉम अजून का वापरतात?

एकेक बाइट बदलता येतो म्हणून. फ्लॅशमध्ये एक बाइट बदलायचा तर आधी अख्खा सेक्टर पुसावा लागतो, आणि तेवढ्यात वीज गेली तर शेजारचा डेटाही जातो. ईईप्रॉममध्ये एकेक जागा साधारण दहा लाख वेळा लिहिता येते. मॅक ॲड्रेस किंवा मीटरचं रीडिंग ठेवायला याहून सोयीचं काही नाही.

जाता जाता नावाबद्दल. लिनक्समधले ‘एटी२४’ आणि ‘एटी२५’ हे ड्रायव्हर ॲटमेलच्या चिपांच्या नावावरून आले आहेत. ॲटमेल १९८४ मध्ये जॉर्ज पेर्लेगोस यांनी सुरू केली आणि २०१६ मध्ये ती मायक्रोचिपकडे गेली. चिप दुसऱ्या कुठल्या कंपनीची असली तरी ड्रायव्हर बहुधा हाच चालतो.

९३, २४ आणि २५ या मालिकांत फरक काय?

बोलण्याच्या पद्धतीचा. ९३ म्हणजे मायक्रोवायर, नॅशनल सेमिकंडक्टरची जुनी पद्धत: सिलेक्ट, क्लॉक, आत जाणारा डेटा, बाहेर येणारा डेटा. २४ म्हणजे आयटूसी, फिलिप्सने १९८२ मध्ये आणलेली: दोनच तारा, आणि प्रत्येक बाइटनंतर पोच, म्हणजे ‘मिळालं’ अशी खूण. २५ म्हणजे एसपीआय: तारा मायक्रोवायरसारख्याच, पण कमांड पूर्ण आठ बिटांची, त्यामुळे हार्डवेअर कंट्रोलरला सोपी. एसपीआयमध्ये वाचायचा कमांड ०३, लिहायचा ०२, लिहायची परवानगी ०६, स्थिती विचारायची तर ०५. वाचन इतकं सरळ आहे की त्यावर प्रश्न फारसे येत नाहीत, म्हणून पुढे भर पहिल्या दोघांवर.

एक फरक मात्र कायम लक्षात असू द्या. आयटूसीमध्ये समोर कुणीच नसेल तर पोच येत नाही आणि ड्रायव्हरला एरर मिळते. मायक्रोवायर आणि एसपीआयमध्ये पोच हा प्रकारच नाही. चिप काढून ठेवली तरी वाचन ‘यशस्वी’ होतं.

९३सी४६मधून सोळा बिटांचा एक शब्द वाचताना नेमकं काय घडतं?

हे समजून घ्यायला आरटीएल८१३९ या नेटवर्क कार्डाचा ‘८१३९टू’ ड्रायव्हर उघडा. हे कार्ड एकेकाळी घरोघरच्या पीसीत होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या कार्डांच्या ढिगात एखादं सापडलं तर घेऊन ठेवा, शिकायला सोन्यासारखं आहे.

कार्डाच्या हेक्स (सोळाच्या अंकपद्धतीतल्या) ५० या ऑफसेटवर एक आठ बिटांचं रजिस्टर आहे. त्यातले खालचे चार बिट थेट ईईप्रॉमच्या पायांना जोडलेले आहेत: सर्वांत खालचा बिट चिपकडून येणारा डेटा, त्यावरचा चिपकडे जाणारा, मग क्लॉक, मग सिलेक्ट. सर्वांत वरचा बिट लावला की कार्ड स्वतःचा हात बाजूला घेतं आणि पाय ड्रायव्हरच्या ताब्यात येतात.

आता क्रम पाहा. सिलेक्ट वर. मग तीन बिट पाठवायचे: १, १, ०. पहिला १ म्हणजे सुरुवात, पुढचे ‘१०’ म्हणजे ‘वाच’. ड्रायव्हरमध्ये वाचनाचा कमांड ६ असा लिहिलेला दिसतो तो यामुळेच, बायनरीत ११० म्हणजे ६. त्यामागून पत्त्याचे बिट, मोठा बिट आधी. प्रत्येक बिटासाठी डेटा ठेवायचा, क्लॉक वर न्यायचा, खाली आणायचा. पत्त्याचा शेवटचा बिट आत गेला की चिप आपली डेटाची तार शून्यावर खेचते. हा तिचा रिकामा शून्य. तो डेटा नव्हे. पुढच्या सोळा क्लॉकना सोळा बिट बाहेर येतात. शेवटी सिलेक्ट खाली, आणि रजिस्टरमध्ये शून्य लिहून ताबा कार्डाला परत. हे परत करणं विसरू नका.

दोन क्लॉकच्या मध्ये जो विलंब हवा, तो या ड्रायव्हरने छान साधला आहे: तेच रजिस्टर पुन्हा वाचायचं. पीसीआयवर लिहिलेलं मध्येच कुठल्यातरी बफरमध्ये थांबू शकतं. लगेच वाचन केलं की आधीचं लिहिणं कार्डापर्यंत पोचल्याशिवाय उत्तर येत नाही. नुसता मायक्रोसेकंदांचा विलंब टाकला तर प्रोसेसर थांबतो, पण क्लॉक खरंच वर गेला होता का, याची खात्री मिळत नाही. बिट-बँगिंग करणारे, म्हणजे असा एकेक पाय कोडमधून हलवणारे, अनेक ड्रायव्हर मुळात इथेच चुकतात.

आकडा येतो, पण अर्धा किंवा दुप्पट वाटतो. का?

रिकाम्या शून्याची गल्लत. ८१३९च्या ईईप्रॉममध्ये पहिला शब्द हेक्स ८१२९ असतो. तुम्हाला ४०९४ दिसला, तर तुम्ही रिकामा शून्यही डेटात मोजला आणि सगळं एक घर उजवीकडे सरकलं. ०२५२ किंवा ०२५३ दिसला, तर एक क्लॉक जास्त देऊन पहिला बिट गमावला. असा आकडा दिसला की आधी कागदावर बिट मांडा. ८१२९ म्हणजे १०००, ०००१, ००१०, १००१. एक घर इकडे-तिकडे सरकवून पाहिलं की चूक दोन मिनिटांत सापडते. लॉजिक ॲनलायझर त्यानंतर काढा.

पत्त्याचे बिट सहा पाठवायचे की आठ?

घोडं इथेच पेंड खातं. ९३सी४६ सोळा बिटांच्या रचनेत ६४ शब्दांची असते, म्हणून सहा बिट. ९३सी५६ आणि ९३सी६६ दोघींना आठ बिट लागतात. ५६मध्ये शब्द १२८च असल्याने सात पुरले असते, पण आठवा बिट नुसता भरतीचा म्हणून पाठवावाच लागतो. त्यात काही चिपांना ‘ओआरजी’ नावाचा पाय असतो. तो जमिनीला जोडला की चिप आठ-आठ बिटांची होते आणि पत्त्यात आणखी एक बिट वाढतो. बोर्डाचा नकाशा हाती नसेल तर हे नुसत्या अंदाजाने कळणार नाही.

आणि चिप स्वतःहून काही सांगत नाही. सहा बिटांच्या चिपला आठ पाठवले तर ती सहाव्या बिटानंतर बोलायला लागते, आपण अजून पत्ता पाठवतच असतो, आणि पहिले दोन बिट हवेत जातात. ८१२९च्या जागी ०४ए४च्या आसपास काहीतरी मिळतं. एरर कुठेच नाही.

८१३९टू यावर साधा उपाय करतो. पहिला शब्द आठ बिटांनी वाचायचा. ८१२९ आला तर आठ, नाहीतर सहा. त्यामागचा विचार मला फार आवडतो, कारण तो चिपचं मॉडेल विचारत नाही, उत्तर आधीपासून ठाऊक असलेला प्रश्न विचारतो. इंटेलच्या कार्डांचा ‘ई१००’ ड्रायव्हर आणखी पुढे जातो: पत्त्याचे शून्य पाठवत असतानाच तो येणाऱ्या तारेवर नजर ठेवतो. रिकामा शून्य ज्या क्षणी दिसला, तिथे पत्ता संपला. जिला ओळखीचा पहिला शब्द नाही अशा चिपसाठी हीच पद्धत घ्या.

२४ मालिकेत वाचायच्या आधी लिहावं का लागतं?

चिपच्या आत एक पत्त्याचा काउंटर असतो. वाचायला सांगितलं की काउंटर जिथे असेल तिथून ती बाइट देते. काउंटर थेट हव्या त्या जागी न्यायचा मार्ग म्हणजे लिहायला सुरुवात करायची, पत्ता द्यायचा, आणि डेटा न देता पुन्हा ‘स्टार्ट’ देऊन वाचायला लागायचं. ड्रायव्हरमध्ये हे एकाच ट्रान्सफरमधले दोन संदेश असतात: पहिला लिहिण्याचा, दुसरा वाचण्याचा.

‘एकाच’ या शब्दावर माझा जोर आहे. दोन संदेश वेगवेगळ्या ट्रान्सफरमध्ये पाठवले तर मध्ये ‘स्टॉप’ जातो आणि बस, म्हणजे सगळ्या चिपांच्या त्या सामाईक तारा, मोकळी होते. त्या फटीत दुसऱ्या कुणी त्याच चिपचा काउंटर हलवला तर तुम्हाला भलत्याच जागेचा डेटा मिळतो. याहून मोठा धोका पत्त्याच्या लांबीचा. २४सी१६पर्यंतच्या चिपांना पत्ता एका बाइटचा लागतो, २४सी३२पासून पुढे दोन बाइटांचा. २४सी०२ला दोन बाइटांचा पत्ता देऊन मध्ये स्टॉप पाठवलात, तर चिप पहिला बाइट पत्ता समजते, दुसरा बाइट डेटा समजते, आणि स्टॉप दिसताच तो लिहून टाकते. वाचायला गेलात आणि डेटा पुसून आलात. पुन्हा स्टार्ट दिला असता तर लेखन सुरूच झालं नसतं, कारण चिप स्टॉपची वाट पाहते. एटी२४ ड्रायव्हरच्या अगदी सुरुवातीच्या टिपणीत पत्त्याच्या लांबीच्या या चुकीबद्दल स्पष्ट इशारा आहे.

एकच २४सी१६ लावली, पण बसवर आठ चिपा दिसतात?

चिपा आठ नाहीत, एकच आहे. २०४८ बाइटांना अकरा बिटांचा पत्ता लागतो आणि पत्त्याच्या बाइटमध्ये आठच मावतात. उरलेले तीन ती आयटूसीच्या पत्त्यातून घेते, म्हणून हेक्स ५० ते ५७ असे आठही पत्ते तिचेच. त्या बसवर दुसरी २४ची चिप लावायचा विचार सोडा. उलट, ५१वर कुणी उत्तर दिलं म्हणून ते ईईप्रॉमच असेल असंही धरू नका: पीसीएफ८५६३ हे घड्याळ ५१वरच राहतं.

सगळे बाइट एफएफ येतात. चिप मेली का?

बहुधा नाही. कोऱ्या चिपमध्ये सगळीकडे एफएफच असतं, आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी कारखान्यात ती प्रोग्राम झाली होती का, ते विचारा. मायक्रोवायर किंवा एसपीआय असेल तर सिलेक्टचा पाय खरंच हलतो का ते मल्टीमीटरने नव्हे, स्कोपवर पाहा. चिप निवडलीच गेली नाही तर पुल-अपमुळे (तार वर खेचून ठेवणाऱ्या रेझिस्टरमुळे) सगळे १ दिसतात. सगळे शून्य येत असतील तर शंका वेगळी: तार जमिनीला टेकली आहे, चिपला व्होल्टेज नाही, किंवा डेटाची तार कुणीतरी धरून ठेवली आहे.

रीबूट केल्यावर कधीकधी आयटूसी बसच बंद पडते. पॉवर काढून लावली की सगळं ठीक. असं का?

या प्रश्नावर मी स्वतः आठवडाभर घालवला आहे. आमच्याकडे एक डेटा लॉगर होता. वॉचडॉगने (प्रोसेसर अडकला तर त्याला रीसेट करणाऱ्या टायमरने) रीसेट केला की दर काही वेळांत एकदा तो ईईप्रॉम वाचताना टाइम-आउट देऊन बसायचा. टेबलावर शंभर वेळा रीबूट केला तरी चालायचा, साइटवर अडकायचा. शेवटी अडकलेलाच बोर्ड, पॉवर न काढता, हातात मिळाला. डेटाच्या तारेवर मल्टीमीटर लावला तर ०.२ व्होल्ट. क्लॉकच्या तारेवर पूर्ण ३.३. म्हणजे डेटाची तार कुणीतरी खाली धरून बसलं होतं, आणि धरणारा प्रोसेसर नव्हता.

झालं होतं असं. ड्रायव्हर चिपमधून वाचत असतानाच वॉचडॉगने प्रोसेसर रीसेट केला. पण २४ मालिकेतल्या चिपला रीसेटचा पायच नसतो. तिला काही कळलं नाही. ती शून्याचा बिट तारेवर ठेवून पुढच्या क्लॉकची वाट पाहत राहिली. इकडे प्रोसेसर उठला, त्याला तार खाली दिसली, म्हणजे बस व्यस्त आहे असं समजून तो मोकळी व्हायची वाट पाहत राहिला.

उपाय: ड्रायव्हर सुरू होण्याआधी डेटाची तार सोडून द्यायची आणि क्लॉकवर नऊ ठोके द्यायचे, शेवटी स्टॉप. नऊच का? उरलेले बिट जास्तीत जास्त आठ, आणि नवव्या ठोक्याला चिप पोच मागते. तार वर असल्याने तिला नकार मिळतो आणि ती गप्प होते. लिनक्सच्या आयटूसी गाभ्यात हे ‘बस रिकव्हरी’ म्हणून तयार आहे, पण कंट्रोलरच्या ड्रायव्हरने ते जोडलेलं असावं लागतं आणि पिना जीपीआयओ म्हणून, म्हणजे कोडमधून थेट वर-खाली करायला, वापरता याव्या लागतात. आम्ही ते बूटलोडरमध्येही घातलं, कारण तोही तीच चिप वाचत होता.

लिहिल्यानंतर लगेच वाचलं तर एरर येते.

चिप आत लिहिण्यात गुंतलेली असते, साधारण ५ मिलिसेकंद, जुन्या चिपांत १०. तेवढा वेळ ती पोचच देत नाही. ही एरर नाही, ‘थांब’ असं सांगणं आहे. पोच येईपर्यंत पुन्हा विचारत राहा, पण मुदत घालून. एटी२४मध्ये ही मुदत मूळची २५ मिलिसेकंद आहे. आणि लक्ष द्या: तो ड्रायव्हर वाचतानाही असाच पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, कारण त्या क्षणी आधीचं लेखन संपलेलं असेलच असं नाही.

मी स्वतः कोड लिहू की कर्नलमधला वापरू?

कर्नलमधला, शक्य असेल तिथे. २४साठी एटी२४, २५साठी एटी२५, ९३साठी छोटी लायब्ररी आहे. डीडीआर४ रॅमच्या माहितीच्या चिपसाठी ‘ईई१००४’ आहे: तिथे ५१२ बाइट दोन पानांत असतात आणि पान बदलायला हेक्स ३६ किंवा ३७ या पत्त्यावर लिहावं लागतं, ते एटी२४ला जमत नाही. शिवाय कर्नलमध्ये २०१५च्या ४.३ आवृत्तीपासून ‘एनव्हीमेम’ हा थर आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत) लिहायचं, या चिपच्या अमुक जागेपासून सहा बाइट म्हणजे मॅक ॲड्रेस, आणि नेटवर्क ड्रायव्हरने नावाने मागायचे. चिप आयटूसीवर आहे की एसपीआयवर, हे त्याला कळायचं कारणच उरत नाही.

यातही एक खाच आहे. नेटवर्क ड्रायव्हर आधी उठला आणि ईईप्रॉमचा नंतर, तर एनव्हीमेम ‘आत्ता नाही, नंतर ये’ असा कोड देतं. तो कोड तसाच वर परत करायचा असतो. अनेक जण त्याला ‘मॅक ॲड्रेस नाही’ समजतात आणि यादृच्छिक पत्ता लावून पुढे जातात. मग प्रत्येक बूटला नवा मॅक, नवा आयपी, आणि आठवडाभर लोक राउटरला दोष देत बसतात.

वाचलेला डेटा बरोबर आहे हे कशावरून?

चिपवरून नाही. ती तुम्हाला चेकसम (डेटा पडताळायची बेरीज) देत नाही, तो डेटा लिहिणाऱ्याने आत ठेवावा लागतो. चांगल्या रचनांनी तो ठेवलाच आहे. इंटेलच्या ई१००० कार्डांत पहिल्या ६४ शब्दांची बेरीज सोळा बिटांत हेक्स बीएबीए यायला हवी. मॉनिटरच्या ईडीआयडीत, म्हणजे त्याच्या ओळखीच्या माहितीत, पहिले आठ बाइट ठरलेले असतात, ००, मग सहा वेळा एफएफ, मग ००, आणि १२८ बाइटांच्या बेरजेचा शेवटचा बाइट शून्य. दोन्ही तपासा. नुसतं डोकं जुळलं आणि बेरीज चुकली, तर तारेवर कुठेतरी बिट पडतो आहे.

मॅक ॲड्रेससाठी निदान एवढं करा: सगळे शून्य नको, आणि पहिल्या बाइटचा सर्वांत खालचा बिट १ नको, कारण तो मल्टिकास्ट, म्हणजे एका कार्डाचा नव्हे, गटाचा पत्ता. सगळे एफएफ याच नियमात बाद होतात. कर्नलमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे. बाइटांचा क्रमही पाहा. ८१३९मध्ये मॅक शून्यापासून मोजले तर सातव्या, आठव्या आणि नवव्या शब्दात असतो, खालचा बाइट आधी. ज्या कार्डाचा मॅक ००, ई०, ४सी असा सुरू होतो, त्याचा सातवा शब्द हेक्स ई००० दिसेल. तो तसाच वरचा बाइट आधी धरून लावलात तर ई०, ०० असा पत्ता बनतो. कार्ड चालतं, पिंगही जातो, आणि पत्ता भलत्याच कंपनीचा असतो. अशी चूक कुणी तक्रार करेपर्यंत कळत नाही.

स्वतःचा बोर्ड बनवत असाल तर सुरुवातीला चार बाइटांची खूण, एक आवृत्ती क्रमांक आणि शेवटी सीआरसी (बेरजेहून पक्का चेकसम) ठेवा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बसणाऱ्या हॅट बोर्डांवरच्या ईईप्रॉमची सुरुवातही अशाच ठरावीक चार अक्षरांनी होते.

इंटरप्टमध्ये किंवा स्पिनलॉक धरून वाचलं तर चालेल का?

आयटूसीसाठी नाही: अशा जागी कोडला थांबून वाट पाहायची मुभा नसते, आणि ते ट्रान्सफर झोपू शकतं. एसपीआयमध्ये बफर स्टॅकवर ठेवू नका, कंट्रोलर डीएमए वापरत असेल, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहीत असेल, तर शेजारचा डेटा बिघडतो. छोट्या वाचनाला ‘लिही आणि मग वाच’ हे एकत्रित फंक्शन घ्या, ते सुरक्षित बफरमध्ये कॉपी करून देतं. आणि प्रोबमध्ये, म्हणजे ड्रायव्हर चिपला जोडला जातो त्या फंक्शनमध्ये, अख्खी चिप वाचू नका. १०० किलोहर्ट्झवर एक बाइट ९ क्लॉकचा, म्हणजे ९० मायक्रोसेकंद. २४सी२५६चे ३२,७६८ बाइट वाचायला सुमारे तीन सेकंद जातात. लागतील तेवढेच बाइट मागा.

मला लिहायचंही आहे. वेगळं काय लक्षात ठेवू?

पानाची हद्द. २४सी०२चं पान बहुधा ८ बाइटांचं, २४सी२५६चं ६४. एका दमात पानापेक्षा जास्त पाठवलं तर चिप पुढच्या पानावर जात नाही, त्याच पानाच्या सुरुवातीला वळते आणि आधीचं खोडते. वाचताना असं काही होत नाही, त्यामुळे वाचनाचा कोड तसाच उलटा करून लिहिणारे फसतात. एटी२४ला पानाचा आकार सांगितला नाही तर तो १ धरतो: हळू, पण सुरक्षित.

पहिल्यांदा लिहायच्या आधी अख्खी चिप दोनदा वाचून दोन फाइलींत ठेवा आणि त्या जुळवून पाहा. जुळल्या नाहीत तर लिहायला हात लावू नका, आधी वाचन दुरुस्त करा. जुळल्या तर त्यातली एक प्रत बोर्डाच्या अनुक्रमांकाच्या नावाने दुसऱ्या मशिनवर ठेवा. कॅलिब्रेशनचे आकडे त्या एका चिपखेरीज जगात दुसरीकडे कुठेही नसतात.